पाणी कोणत्या समुद्राला जाते?

आषाढातल्या एखाद्या सकाळी तुंगार्लीच्या धरणापाशी उभे राहिले, म्हणजे पाऊस या शब्दाचा देशावरच्या माणसाला ठाऊक असलेला अर्थ किती अपुरा आहे, ते कळून येते. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेणारा हा घाटमाथा, ब्रिटिश अमदानीत घातलेली ही लहानशी भिंत, खाली लोणावळ्याची दाटत चाललेली वस्ती आणि पलीकडे श्रीवर्धन-मनरंजन या राजमाचीच्या जोडकिल्ल्यांकडे निघालेली, दहा पावलांवर धुक्यात नाहीशी होणारी वाट, एवढाच काय तो देखावा. परंतु त्याच्यापुढे माणूस बराच वेळ निःशब्द उभा राहतो. अशाच एका सकाळी माझा भाचा माझ्याबरोबर होता. भिंतीपलीकडे फेसाळत जाणारे पाणी बघता बघता त्याने विचारले, “मामा, हे पाणी कोणत्या समुद्राला जातं?”

प्रश्न भूगोलाच्या पहिल्या पाठातला, आणि त्याचे भूगोलाने दिलेले उत्तर मला तोंडपाठ होते. लोणावळा सह्याद्रीच्या ऐन पाणलोटाच्या रेषेवर वसलेले आहे. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब इंद्रायणीत जातो, देहू-आळंदीच्या घाटांना स्पर्श करीत तुळापुरास भीमेला मिळतो, पंढरपुरास चंद्रभागा हे नाव घेतो आणि कृष्णेच्या संगतीने थेट बंगालच्या उपसागरापर्यंतची वाट चालतो. एवढे सांगून मी थांबलो असतो, तर परीक्षेत मला पुरे गुण मिळाले असते. परंतु तुंगार्लीपासून वळवणचा जलाशय फार दूर नाही आणि त्या जलाशयातल्या पाण्याला हे उत्तर लागू पडत नाही. निसर्गतः पूर्वेला, आळंदीला आणि पंढरीला जाणारे ते पाणी शंभराहून अधिक वर्षे कालव्यांतून आणि नळांतून पश्चिमेकडे वळविले जाते, खोपोलीस सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, वीज देते आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे पाण्याने कोणत्या समुद्राला जावे, हे येथे डोंगराच्या उताराने ठरविलेले नाही. ते माणसांनी ठरविले. कोणत्या माणसांनी, कोणाच्या लाभासाठी, कोणाला विचारून आणि कोणाला न विचारता, हे प्रश्न त्या मुलाच्या प्रश्नाच्या पोटात होते. आणि त्यांची उत्तरे कोणत्याही एका शास्त्राच्या दप्तरात सापडत नाहीत, हे मला त्या दिवशी प्रथम स्पष्टपणे जाणवले.

हल्ली ज्या विद्यांना महाविद्यालयांतून ‘लिबरल आर्ट्स’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि ज्यांना आपल्या मराठी विश्वकोशाने मानव्यविद्या असे सुंदर नाव दिले आहे, त्या इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र, अर्थशास्त्र इत्यादी विद्यांचा उपयोग काय, असा प्रश्न पालक वारंवार विचारतात. त्याचे उत्तर मला या पाण्याच्या काठाने द्यावयाचे आहे.

अगोदर अर्थशास्त्र आणि स्थापत्यशास्त्र यांचा पक्ष ऐकावा, कारण तो बलवान आहे आणि त्याला न्याय न देता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत होत्या. कोळसा दुरून येई आणि त्याच्या धुराखाली गिरणगावची मुले वाढत. घाटमाथ्यावरच्या पावसातून वीज काढावी ही जमशेटजी टाटांची कल्पना. १९०४ साली त्यांचे निधन झाल्यावर दोराबजींनी ती तडीस नेली. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी निघाली, १९११ साली इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढे लॉर्ड सिडनहॅम) यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस पोचली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या जलाशयांनंतर आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले, त्याच्या पाण्यावर १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह चालू झाले. पुढे मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली उभे राहिले. या तीन वीजगृहांची मिळून क्षमता आज ४४७ मेगावॉट आहे. धूर नाही, राख नाही, आणि चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवून वापरण्याची सोय! परदेशी सत्तेच्या काळात एका भारतीय उद्योगसमूहाने हे घडवून आणले, याचा अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही.

आता इतिहासाकडे वळावे. शाळेच्या पुस्तकातील इतिहास सांगतो, की १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यातील मावळ्यांनी या योजनेविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी होते, आणि याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली, जी पुढे त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसली. पन्नासच्या आसपास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे पाण्याखाली जाणाऱ्या त्या खोऱ्यात राहत होती, आणि त्या खोऱ्याच्या आंबेमोहोर भाताचा लौकिक मोठा होता. १९२४ अखेर लढा मोडला. धरण झाले.

ही कथा खरी आहे, रोमांचकारी आहे. तरीही ती अपुरी आहे, आणि तिचे अपुरेपण दाखविण्यास राज्यशास्त्राचा एक अभ्यासक पुढे यावा लागला. पुणे विद्यापीठातील प्राध्यापक राजेन्द्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि पुढे इंग्रजीतही, ज्याच्या शीर्षकातच त्यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. परंतु गौरव करून ते थांबले नाहीत. ‘जान किंवा जमीन’ असे जो म्हणतो, त्याच्या नावावर जमीन आहे काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. खोऱ्यातील जमिनीचा मोठा भाग कर्जापायी सावकारांकडे गेलेला होता. कसणारा मावळा पुष्कळ ठिकाणी कूळ होऊन राहिला होता. जमीन गेली तर सावकाराला रोख मोबदला मिळणार होता आणि कुळाला काहीच मिळणार नव्हते. म्हणून सरकारने मोबदल्याचा आकडा पुढे करताच एका घोषणेखाली जमलेल्या माणसांचे हितसंबंध दोन दिशांना फाकले. वीरगाथेला ही गोष्ट अडचणीची वाटते. मला मात्र ती वाचल्यावर त्या मावळ्यांविषयीचा आदर वाढल्यासारखा वाटला, कारण सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याने त्या जमिनीसाठी तुरुंगात जावे, यात मालकीपेक्षा खोल असे काही तरी आहे.

ते खोल असलेले काय आहे, हे राज्यशास्त्रालाही पुरते सांगता येत नाही. त्यासाठी जात्यापाशी जाऊन बसावे लागते. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी वाड्यांतून, आणि पुढे साऱ्या महाराष्ट्रातून, दळताना बायका म्हणत असलेल्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह पुढे ‘परी’ या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहाकडे आला आणि आज कोणालाही वाचता-ऐकता येतो. त्या ओव्यांत धरणाचा आकडा नाही, कायद्याचे कलम नाही. आई आहे, भाऊ आहे, सीता आहे, पंढरी आहे, आणि पदोपदी माहेर आहे.

या एका शब्दापाशी मी बराच काळ अडखळलो. भूसंपादनाचा मामलेदार गावात येतो तेव्हा त्याच्या नोंदवहीत खातेदाराचे नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, झाडे, विहीर, घराचे खण, सारे काही असते. खातेदार बहुधा पुरुष. त्याची बायको शेजारच्या खोऱ्यातून आलेली, त्याची बहीण पलीकडच्या खोऱ्यात दिलेली. ज्या दिवशी गाव पाण्याखाली जाते, त्या दिवशी त्या गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या प्रत्येक स्त्रीचे माहेर बुडते. ती वीस कोसांवर सासरी सुखरूप आहे, म्हणून कोणत्याही यादीत ती विस्थापित नाही. तिचे काही गेलेले नाही, असे नोंदवही म्हणते. पंचमीला कोठे जावयाचे, पहिल्या बाळंतपणाला कोठे जावयाचे, नवऱ्याने मारले तर कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावयाचे, याची उत्तरे मात्र त्या पाण्याने नेलेली असतात. मोजणी करणारा अधिकारी दुष्ट नसतो. त्याच्या नोंदवहीत माहेराचा रकाना नसतो, आणि तो रकाना असावयास हवा होता हे ओवी ऐकल्यावाचून त्याला कळण्याचा मार्ग नसतो. साहित्य हे विरंगुळ्याचे साधन आहे असे मानणाऱ्या सज्जनांनी एवढी एक गोष्ट ध्यानी घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जो दस्तऐवज कोठल्याही दप्तरात नाही, तो कधी कधी केवळ ओवीत असतो.

मानवशास्त्राने हा रकाना नोंदवहीत आणण्याचा प्रयत्न केला आहे. इरावती कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाच्या विस्थापितांची केलेली पाहणी १९६९ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. नातेसंबंधांच्या अभ्यासात आयुष्य घालविलेली विदुषी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत धरणाने उठविलेल्या माणसांकडे वळते, हा योगायोग नव्हे. घर हलविता येते, पण घराघरांमधला संबंध गाडीत घालून नेता येत नाही, हे नात्यांच्या अभ्यासकाला जितके लवकर उमगते, तितके इतरांना उमगत नाही.

मग न्यायाचा प्रश्न उरतो, आणि तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा सारा डोलारा ‘सार्वजनिक प्रयोजन’ या दोन शब्दांवर उभा होता, आणि कंपनीसाठी जमीन घेण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. हे ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोण? मुंबईचा गिरणीकामगार सार्वजनिक आणि मुळशीचा मावळा खाजगी, ही विभागणी कोणत्या तर्काने झाली? बहुतांचे हित थोड्यांच्या हानीवर उभारता येते काय, आणि येत असेल, तर त्या थोड्यांच्या संमतीवाचून येते काय? हे प्रश्न अभियंत्याच्या कक्षेबाहेरचे आहेत, म्हणून ते कोणीच विचारावयाचे नाहीत असे थोडेच आहे! कायद्याला मात्र ते ऐकू येण्यास फार काळ लागला. २०१३ साली संमत होऊन २०१४ च्या आरंभी अमलात आलेल्या नव्या कायद्याने प्रकल्पाच्या सामाजिक परिणामांची आधी पाहणी करण्याचे बंधन घातले आणि जमिनीचे मालक नसलेली, पण तिच्यावर पोट असलेली कुटुंबेही बाधितांत धरली. मुळशीच्या कुळाला जे मिळाले नाही, त्याची कायद्याच्या पुस्तकात नोंद व्हावयास नव्वद वर्षे लागली. माहेराचा रकाना अजूनही नाही.

जमीन, सत्ता आणि लेखणी यांचा हा संबंध मावळात नवा नाही. तुंगार्लीहून थोड्याच अंतरावर कार्ल्याचे लेणे आहे. सुमारे १२४ फूट लांबीचा तो चैत्य पाहावयास माणसे जातात, छतातल्या दोन हजार वर्षांच्या लाकडी फासळ्या पाहून थक्क होतात, एकवीरेचे दर्शन घेतात आणि परततात. भिंतीवरचे ब्राह्मी लेख वाचणारा विरळा. त्यांतल्या एका लेखात राजाज्ञा आहे, आणि ती मामालच्या अमात्याला उद्देशून आहे: येथल्या भिक्षूंना करजिक हे गाव दिले आहे, त्या जमिनीत कोणी शिरू नये, तेथे मिठासाठी खणू नये, अधिकाऱ्यांनी तेथे हस्तक्षेप करू नये. हे ‘मामाल’ म्हणजेच आपले मावळ. सूर्य जिकडे मावळतो ते मावळ, अशी व्युत्पत्ती आपण लहानपणापासून ऐकत आलो, ती गोडही आहे. परंतु भाषेचा अभ्यासक हा लेख पुढे ठेवतो, तेव्हा त्या गोड व्युत्पत्तीचा पुनर्विचार करणे भाग पडते. मला या लेखात अधिक लक्षणीय वाटते ते असे, की जमिनीवर कोणी शिरावे आणि कोणी शिरू नये हे ठरविणारा कागद, त्या काळी दगड, मामलेदाराच्या त्या प्राचीन पूर्वजाच्या नावे दुसऱ्या शतकातच निघत होता. त्या गावात नांगर धरणाऱ्याला कोणी विचारले होते की नाही, ते लेख सांगत नाही.

लेणे आणि घाट, दान आणि व्यापार, देवी आणि धनगर, यांचा परस्परसंबंध पायी हिंडून उलगडून दाखविणारा एक मनुष्य कित्येक वर्षे याच लोणावळ्यावरून रोज आगगाडीने जात-येत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव. १९०७ साली गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन. पुण्यातले घर सोडवेना म्हणून रोज डेक्कन क्वीनचा प्रवास. गणित हा त्यांचा पेशा. पण त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, प्राचीन आहत नाण्यांची हजारोंनी वजने केली आणि झिजलेल्या चांदीच्या अंशावरून नाणे किती काळ हातोहात फिरले असेल याचे संख्याशास्त्रीय अनुमान बांधले, आणि सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन मावळचे डोंगर तुडविले. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी निर्जन एकांतात नसून कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटांच्या तोंडाशी आहेत, दात्यांच्या नावांत धेनुकाकटचे व्यापारी आणि यवन आहेत, सुतार आणि गंधी आहेत, हे पाहून विहार आणि व्यापार यांचे नाते त्यांनी मांडले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधाचा विषयच भारतविद्येतील संयुक्त पद्धती हा होता: शब्द, वस्तू आणि जिवंत माणसांचे आचार या तिहींचा पुरावा एकत्र तपासल्यावाचून प्राचीन समाज कळत नाही, हा त्याचा गाभा. त्यांची सारीच अनुमाने टिकली नाहीत. पुढील विद्वानांनी त्यांतील काही खोडली, काही दुरुस्त केली. पद्धत मात्र टिकली, आणि माझ्या मते तीच त्यांची मोठी देणगी आहे.

या पद्धतीचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिची एक निर्जीव नक्कल आज फार दिसते. एका प्रश्नावर पाच विषयांचे पाच तज्ज्ञ बोलावावेत, प्रत्येकाने वीस मिनिटे आपापले सांगावे आणि आभारप्रदर्शन व्हावे, याला अनेक दृष्टिकोनांतून केलेला विचार म्हणत नाहीत. शास्त्रे शेजारी मांडून उपयोग नाही. त्यांनी एकमेकांची उलटतपासणी केली पाहिजे. वीरगाथेला खतावणीने प्रश्न विचारावा, खतावणीला ओवीने विचारावा, ओवीला कायद्याने विचारावे की तुझे दुःख खरे, पण त्याचे माप कसे घेऊ, आणि मग कायद्याला तत्त्वज्ञानाने विचारावे की ज्याचे माप घेता येत नाही, ते नाहीच असे तू कशावरून धरतोस? ही उलटतपासणी पुष्कळदा एकाच माणसाच्या मनात व्हावी लागते, आणि मानव्यविद्यांचे शिक्षण म्हणजे त्या मनाची तयारी.

ती तयारी नसते तेव्हा काय होते, हेही मावळाने पाहिले आहे. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यावयाचे ठरले. नदीच्या उघड्या पात्रातून पाणी नेण्यापेक्षा नळातून नेल्यास गळती व प्रदूषण टळते, हा अभियंत्याचा हिशेब चुकीचा नव्हता. नदी वाहती राहिली तरच काठच्या विहिरींना पाणी राहते, हा शेतकऱ्याचा अनुभवही चुकीचा नव्हता. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या होत्या आणि त्यांना एका भाषेत बोलावयास लावील असे मधे कोणी नव्हते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ती माणसे वाचविता आली असती, असे मी मानतो.

माझ्या भाच्याला त्या दिवशी मी एवढेच सांगितले, की बाळा, हे पाणी दोन्ही समुद्रांना जाऊ शकते, आणि ते कोणत्या समुद्राला जावे हे ठरविणाऱ्यांत उद्या तूही असशील.

पवनेच्या जलाशयात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षातला बराच काळ ते पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले, की चिखलातून उघडे पडते; मग पुण्या-मुंबईची मंडळी ते पाहावयास मुद्दाम येतात. आपणही या वैशाखात तेथे जा. शिल्प पाहा, त्याचा काळ कोणता ते विचारा, धरणाची उंची विचारा, त्या पाण्यावर किती शहर जगते ते विचारा. आणि परतताना काठावरच्या एखाद्या गावात पाणी मागण्याच्या निमित्ताने थांबा. घरातल्या वृद्ध स्त्रीला तिचे माहेर कोणते ते विचारा, आणि ती पाण्याकडे बोट दाखवील तर तेथेच जरा बसून तिचे ऐका.